मंगळवारी उठणारा वळ

"दोरा काढा," मी म्हटलं.

"नाई काढत," खाला म्हणाल्या.

आमच्या दोघींच्या मध्ये टेबलावर आठ महिन्यांचा अयान उताणा पडला होता आणि माझं पेन तोंडात घालायच्या खटपटीत होता. त्याच्या गळ्यात, नजर लागू नये म्हणून बांधलेला काळा दोरा. दोऱ्यात चांदीचा इवलासा ताईत. आणि त्याच गळ्यावर, हनुवटीच्या खाली, लालसर वळ. एका कानाखालून निघालेला, दुसऱ्या कानाखाली पोचलेला. ताप नव्हता, अंगावर पीत होता, हसत तर असा होता की बघणाऱ्याने कडेवरच घ्यावं. पण वळ होता.

गाव ज्यांना खाला म्हणतं त्या अयानच्या दादी. त्यांच्या मागे अयानची आई, शबाना, अंग चोरून उभी होती. सासू आणि सिस्टर यांच्या मध्ये पडायचं नाही, एवढं शहाणपण तिला होतं.

आधी माझं सांगते. मी एएनएम, म्हणजे गावातली सरकारी नर्स. अठ्ठावीस वर्षं केली ही नोकरी. माझं उपकेंद्र चिखली तालुक्यात, अमडापूरच्या बाजाराला जाणाऱ्या गावांपैकी एकात. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर अर्ध्या तासात शबानाला दहा फोन जातील. उपकेंद्र म्हणजे सरकारी दवाखान्याचं सगळ्यात धाकटं भावंड. दोन खोल्या, एक पलंग, एक वजनकाटा आणि मी. डॉक्टर बसतात ते पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, बारा किलोमीटरवर. काही अडलं की फोन करायचा, फोटो पाठवायचा.

मी फोटो पाठवला. पाच मिनिटांत डॉक्टरांचा फोन आला. पोरगा हुशार, पुण्याकडचा. आमच्याकडे येऊन वर्ष झालं होतं, तरी कोणी 'का'ऐवजी 'काऊन' म्हटलं की अजून गालात हसायचा.

"सिस्टर, दोऱ्याचा वळ आहे. दोरा काढा, मलम द्या. आणि जरा समजावून सांगा त्यांना."

आता हे खरंच आहे की लहान बाळाच्या गळ्यात काही म्हणजे काही बांधू नये. दोरा नको, माळ नको, चोखणीची दोरी नको. खाटेच्या कोपऱ्यात, खिळ्यात कुठेतरी अडकतं, बाळ वळतं, आणि फास बसतो. मोठा माणूस हाताने सोडवतो. बाळाला आपली मान आपण सोडवायची असते हेच माहीत नसतं. हे मी शेकडो वेळा सांगितलंय, त्या दिवशीही सांगितलं. चढ्या आवाजात सांगितलं, कारण बाहेर अकरा बायका लसीसाठी खोळंबल्या होत्या आणि मला राग लवकर येतो.

खालांनी शेवटी दोरा स्वतःच्या हाताने सोडला. मला हात लावू दिला नाही. पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला आणि म्हणाल्या, "सिस्टर, पोराले काई झालं तं तुमच्या डोक्शावर."

"हाव, माह्या डोक्शावर," मी म्हटलं आणि पुढची बाई आत घेतली.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती. खोटं कशाला सांगू? दोरा होता शिवायच्या रिळासारखा बारीक, आणि वळ होता माझ्या करंगळीएवढा रुंद. दिसलं होतं मला. पण आमच्या लाइनीत गळ्यात दोरा दिसला की बाकीचा विचार थांबतो. आरोपी समोर, तोही काळा. मग पुढे कोण शोधतं?

बरोबर आठ दिवसांनी, पुन्हा बुधवारी, खाला दारातूनच बोलत आल्या.

"घ्या! आता दाखवा मले, दोरा कोठी हाये? दोरा माह्या पदरात, अन् निशान पोराच्या गळ्यात. तवा तं एक होतं, आता पाहा, डबल झालं. अजून काढा काई काढायचं असंन तं!"

बाहेरच्या बायका ऐकत होत्या. माझे कान गरम झाले. मी अयानला घेतलं, खिडकीशी नेलं आणि या वेळी नीट पाहिलं. आधीच्या वळाची फिकट खूण होती, तिच्या किंचित वर नवा वळ. तेवढाच रुंद, चपटा. बोटाने हलकेच ताणलं तर त्यात तिरप्या तिरप्या बारीक रेघा दिसत होत्या, विणल्यासारख्या. मान फिरवली. मागून स्वच्छ! जे गळ्यात बांधलेलं असतं ते मागेही उमटतं. हे फक्त पुढून होतं.

मग माझी खोड जागी झाली. माझे यजमान म्हणतात, हिला कुलूप दिसलं की किल्ली शोधल्याशिवाय जेवण जात नाही. पण त्या वेळी नुसती खोड नव्हती. दोन वेळा कशाने तरी या पोराचा गळा आवळला गेला होता, आणि पहिल्या वेळी मी मलम देऊन घरी पाठवलं होतं.

डॉक्टरांना फोन केला. ते हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर, घरात भांडणं वगैरे?"

"सर, तसलं घर नाही ते."

"मलाही तसं म्हणायचं नाही. पण दुसऱ्यांदा आहे. बाळाला आत्ता इकडे पाठवा, मी तपासतो. तुम्ही घर बघून या. उद्या सकाळपर्यंत कारण कळलं नाही, तर मला वर कळवावं लागेल. मग बालसंरक्षणवाले घरी येतील."

बरोबर बोलत होते ते. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. पण मी शबानाकडे पाहिलं. तिला फोनमधलं ऐकू गेलं असावं. तिचा चेहरा उतरला होता. लहान गावात सरकारी जीप दाराशी उभी राहिली की पुढे काय चौकशी झाली ते कोणी विचारत नाही. 'पोराचा गळा दाबणारी' एवढंच उरतं.

"सिस्टर, माह्या पोराले मी काऊन काई करीन व?" ती म्हणाली. आणि रडायला लागली.

"तू काही केलं असं मी म्हटलं का? रडू नको. आधी पीएचसीत जा. चार वाजता मी तुझ्या घरी येते."

पीएचसीत डॉक्टरांनी अयानला नीट तपासलं. श्वास, आवाज, गिळणं, डोळे, सगळं ठीक. तरी दुसऱ्या दिवशी बुलढाण्याला मुलांच्या डॉक्टरला दाखवायचं म्हणून चिठ्ठी दिली. गळा दाबला गेलेला असेल तर वरून बरं दिसलं तरी आतली सूज नंतर वाढू शकते, म्हणून. आणि तोवर बाळाला एकटं सोडायचं नाही, हे दोनदा बजावलं.

चारला मी घरी गेले. पत्र्याच्या छताचं दोन खोल्यांचं घर, झाडून-पुसून लख्ख. शबाना ब्लाउज शिवते, पेटीकोट शिवते, फॉल-पिको करते. लग्नसराई होती, त्यामुळे एका बाजूला कापडांचा ढीग. आतल्या भिंतीला लागून शिलाई मशीन, तिला लाईटची मोटर बसवलेली. खोलीच्या मधोमध, छताच्या लोखंडी अँगलला, झोळी. म्हणजे साडीचा पाळणा. साडीची दोन्ही टोकं वर बांधायची, मध्ये जो खोळ होतो त्यात लेकरू. मशीनवर बसलं की झोळी डाव्या हाताला, नजरेसमोर. हात लांबवला की पोचतो.

शबानाचा नवरा रफिक दुकान बंद करून आला होता. त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. तो चौकटीला टेकून उभा होता. खाला खाटेवर अयानला मांडीत घेऊन बसल्या होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या.

मी शोधायला लागले. खाटेचे कोपरे पाहिले. मोबाईलच्या चार्जरची वायर कुठवर येते ते पाहिलं. अयानची झबली उलटी करून गळे पाहिले, एकालाही बंद नव्हते. शबानाची ओढणी मोजली. ओढण्या रुंद असतात, असा वळ पडत नाही. झोळी चाचपली. मऊ सुती साडी, जुनी. फक्त तिच्या दोन्ही काठांना, समोरासमोर, दोन-दोन काज केलेले. काज म्हणजे गुंडी घालायचं शिवलेलं भोक. पाळण्याला काज कशाला, असं मनात आलं. टेलरणीच्या घरी साडीला काज असेल, जुन्या कामाचं काही असेल, म्हणून सोडून दिलं.

"वळ कधी दिसला तुला?"

"मंगळवारी सांजच्याले, अंग पुसताना. दोन्ही बार."

"त्या दिवशी पोरगं लय रडलं होतं का? कुठं पडलं, आदळलं?"

"नाई व सिस्टर. उलटा लय शाना होता. दुपारच्याले तं असा शांत झोपला, की माहे दोन ब्लाउज शिवून उतरले."

मला काही म्हणजे काही सापडलं नाही. चहा समोर आला तो गार होऊन गेला. निघताना रफिक दारापर्यंत आला.

"सिस्टर, ते जीपवाले येतीन का?"

"अजून नाही," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

घरी आले. हातपाय धुतले, साडी बदलायला आतल्या खोलीत गेले. आता पुढचं वाचताना हसू नका. साडी सोडली, पेटीकोटचा नाडा सैल केला आणि कंबर खाजवली. ज्या बाईने दिवसभर साडी नेसली तिला माहीत आहे, संध्याकाळी नाडा सोडला की कमरेला गोड खाज सुटते. आणि हाताला काहीतरी लागलं. मी आरशापाशी गेले. कमरेवर लालसर वळ होता. करंगळीएवढा रुंद, चपटा, त्यात तिरप्या तिरप्या विणीच्या रेघा!

अगं बाई! मी तिथेच उभी राहिले. अठ्ठावीस वर्षं लोकांचे वळ बघते, आणि रोज संध्याकाळी स्वतःच्या कमरेवरचा कधी पाहिला नव्हता.

नाडा. शबानाच्या घरी खुंटीला नाड्याचं बंडल टांगलेलं होतं, ते मी पाहिलं होतं. पेटीकोट शिवणारीच्या घरी नाडा नसेल तर काय असेल? म्हणून पाहूनही पाहिलं नव्हतं. आणि झोळीला काज! काजात नाडाच तर घालतात.

पण दोन्ही वेळा मंगळवारीच का?

मी पुन्हा साडी गुंडाळली. यजमान बाहेरून म्हणाले, "आता कुठं?" मी त्यांना विचारलं, "मंगळवारी गावात काय असतं हो?" ते म्हणाले, "काय असतं म्हणजे? लाईट नसते."

खरंच की. पावसाळ्याआधी तारांना लागणाऱ्या फांद्या तोडतात, त्यासाठी दोन आठवड्यांपासून दर मंगळवारी दहा ते चार लाईट बंद होती. माझ्या स्वतःच्या रजिस्टरमध्ये लाल पेनने लिहिलेलं होतं: मंगळवार, ऑनलाइन एंट्री झाली नाही, लाईट नाही. दोन वेळा लिहिलं होतं.

लाईट नाही, म्हणजे मशीनची मोटर नाही. म्हणजे मशीन पायावर. त्याच्या पुढचं मला दिसत नव्हतं, आणि ते बघितल्याशिवाय राहवणार नव्हतं. आणि मनात दुसरी भीती. पुढच्या मंगळवारपर्यंत थांबायला वेळच नव्हता. आज कोणाच्या घरची लाईट जाणार नाही हे कोण सांगतं?

मी कपाटातून बाहुली काढली. ट्रेनिंगमध्ये मिळालेली कापडी बाहुली, नव्या आयांना बाळ कसं धरायचं ते दाखवायला. डोकं भरीव, मान चिंधीची. तिला पिशवीत टाकलं आणि स्कूटी काढली. उन्हाळ्याचे दिवस, सहा वाजून गेले तरी लख्ख उजेड होता.

मला परत आलेली बघून शबानाला वाटलं, काही वाईट बातमी आणली.

"शबाना, लाईट बंद असली की तू काम कसं करते, ते मले दाखव. अगदी तसंच. काही सोडू नको."

"आता?"

"आत्ता."

तिने रफिककडे पाहिलं. रफिकने खांदे उडवले. दोघांनी मिळून मशीन आतल्या भिंतीपासून ओढत दाराशी आणली, उजेडासाठी. मशीनचं तोंड दाराकडे. म्हणजे बसणारीची पाठ झोळीकडे. हे पहिलं मला कळलं.

मग रफिकने मोटर काढून चाकावर पायडलचा चामडी पट्टा चढवला. आणि शबानाने खुंटीवरून नाडा घेतला. त्याचं एक टोक पायडलला बांधलं. दुसरं टोक जमिनीलगतच्या एका गिरकीतून, म्हणजे कप्पीतून, वर आणलं. ती गिरकी रफिकने जुन्या पंख्याच्या भागांची बनवून भिंतीला ठोकली होती. आणि तो नाडा तिने झोळीच्या काठांतल्या काजांतून, एकातून दुसऱ्यात, असा ओवून घेतला आणि गाठ मारली. झोळीचं तोंड पेटीकोटच्या नेफ्यासारखं झालं.

"हे मीच बनवलं," रफिक म्हणाला. इतक्या वेळात पहिल्यांदा त्याच्या आवाजात जीव आला होता. "पायडल मारलं की झोळी आपोआप हालते. लाईट नसली की मशीन दाराशी जाते, झोळीले हात पोचत नाई, पोरगं झोपत नाई. मंग मशीन चालली की पोरगं झोपते. थंडीत बनवलं होतं, तीन महिन्याचा होता हा."

"अन् काजं कायले?" मी विचारलं.

"तोंड बंद राहाव म्हनून," शबाना म्हणाली. "लय वळवळ करते. खाली पडला तं? म्हनून मीनंच काजं केले."

मी हे सांगताना थांबते, कारण या गोष्टीतलं सगळ्यात वाईट हेच आहे. त्या घरात कोणी निष्काळजी नव्हतं. बापाने पोर झोपावं म्हणून डोकं चालवलं होतं. आईने पोर पडू नये म्हणून सुबक काज केले होते. आजीने नजर लागू नये म्हणून दोरा बांधला होता. तिघांनीही काळजीच केली होती.

मी बाहुली काढली. "अयान आता कसा बसतो झोळीत? तशी ठेव."

तीन महिन्यांचं बाळ झोळीच्या तळाशी पडून राहतं. नाडा वर, बाळ खाली, दोघांची गाठ पडायचं कारण नाही. आठ महिन्यांचं बाळ झोपत नाही, बसतं. शबानाने बाहुलीला बसवलं, साडीच्या घडीचा टेकू दिला, तिचे दोन्ही हात काठावर ठेवले. "असा पकडते, अन् बाहिर पाह्यते," म्हणाली. बाहुलीचं डोकं दोन काठांच्या मधून वर आलं. नाडा तिच्या हनुवटीखाली. मागच्या बाजूला, मानेला, झोळीची साडी.

म्हणूनच मागे वळ नव्हता. मागे कापड होतं.

"आता शिव," मी म्हटलं.

शबाना जाऊन मशीनवर बसली, आमच्याकडे पाठ करून. ढिगातलं एक ब्लाउज ओढलं, सुईखाली धरलं, पाय मारला.

नाडा ताणला गेला. झोळी हलली. दोन्ही काठ जवळ आले, आणि बाहुलीची मान, मुठीएवढी होती, ती दोन बोटांएवढी झाली. पाय मागे आला की सैल. पुढे गेला की घट्ट. डोकं किंचित पुढे झुकलं होतं. खट खट खट, मशीन चालली होती. खाला खाटेवरून बघत होत्या. रफिक बघत होता. त्याचा हात चौकटीवरून खाली आला.

शबानाने एक शिवण संपवली, कापड फिरवलं, पुन्हा पाय मारला. आणि मान न वळवता, अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "पाहा, आतापर्यंत झोपला असंन. मंगळवारी बी असाच चूप झाला होता."

"बंद कर!" रफिक ओरडला. "बंद कर ते!"

ती वळली. तिने झोळी पाहिली. मग खाटेवरच्या अयानकडे पाहिलं. तो दादीच्या मांडीवर बसून स्वतःची मूठ चघळत होता. शबाना उठली नाही, रडलीही नाही. मशीनवर डोकं टेकवून बसून राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

गळा आवळला की बाळ ओरडत नाही. ओरडायला वारा लागतो, आणि वाराच तर अडलेला असतो. आपल्याला वाटतं संकटात पोरगं किंचाळेल आणि आपण धावत जाऊ. तसं होत नाही. बाहेरून ते झोप लागल्यासारखंच दिसतं. अयान वाचला तो पाय मागे येताना नाडा सैल पडत होता म्हणून, आणि शबाना प्रत्येक शिवणीनंतर कापड फिरवायला थांबत होती म्हणून. लांब शिवणीचं काम असतं, समजा पडदे शिवायला घेतले असते, तर मी हे सांगायला बसले नसते.

पहिला सावरला तो रफिक. वेल्डिंगवाला माणूस, त्याला काहीतरी जोडल्याशिवाय चैन नाही.

"सिस्टर, नाड्याच्या जागी लोखंडी रॉड लावू का? रॉड आवळत नाई."

"नाही."

"मंग झोळीले जाळी?"

"रफिक, काही लावू नको. काढ."

कात्री शबानाचीच होती, पण नाडा खालांनी कापला. पायडलजवळ कापला, काजाजवळ कापला, आणि मधला तुकडा चुलीत टाकला. गिरकी रफिकने हातोड्याने उखडली. भिंतीचा गिलावाही थोडा आला.

मग आम्ही चौघं बसलो आणि ठरवलं. जे बाळ पालथं पडतं, बसतं, त्याला झोळी नाही. झोळी सोडायची. खाली सतरंजीवर गोधडी, तिथे पोरगं. मशीन कुठेही असो, तोंड पोराकडे. दाराशी नेली तर उजेड पाठीवर येतो, म्हणून मशीन आडवी लावायची. नाडा, लेस, टेप, सगळी बंडलं वरच्या फळीवर. आणि लाईट नसेल त्या दिवशी मशीनच बंद. हूक लावायचे, तुरपाई करायची, पोराशेजारी खाली बसून.

मी तिथूनच डॉक्टरांना फोन केला.

"सर, नाडा."

"काय?"

"नाडा, सर. पेटीकोटचा."

पुण्याकडच्या पोराला एवढ्यावरून काय कळणार? मग सगळं सविस्तर सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "मी उद्या येतो. मला बघायचंय. आणि सिस्टर, पहिल्या वेळी मी दोरा म्हटलं."

"मीही म्हटलं, सर."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आले. तोवर बुलढाण्याच्या डॉक्टरांनीही अयानला नीट तपासून घरी पाठवलं होतं. बालसंरक्षणचा विषय निघाला नाही. जीप दाराशी उभी राहिली खरी, पण ती डॉक्टरांची. ते जमिनीवर मांडी घालून बसले, चहा प्याले आणि अयानने त्यांचा स्टेथोस्कोप ओढला. तो त्यांनी लगेच गळ्यातून उतरवून खिशात घातला. शिकले होते.

आम्ही निघताना खाला मला म्हणाल्या, "मंग आता दोरा वापस बांधू का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "खाला, त्या दिवशी मी चुकले. दोऱ्याने काही केलं नव्हतं अन् मी त्यालेच धरलं. तुमचं मन दुखवलं. पण गळ्यात नका बांधू. आज नाही केलं, उद्या करू शकते."

त्यांनी थोडा वेळ पदराची गाठ चाचपली. मग रफिकला म्हणाल्या, "चौकटीले ठोक खिळा. उंच ठोक. नजर काई गळ्यातून येते का? दारातूनच येते."

ताईत अजून त्या चौकटीवर आहे. मी त्याच्या खालून आत जाते.

महिन्याच्या मीटिंगला डॉक्टरांनी मला बाहुली घेऊन उभं केलं. मी 'नाडा' म्हटलं तेव्हा सगळ्या सिस्टर खिदळल्या. कमरेवरच्या वळाचं सांगितलं तेव्हा तर एकीला ठसका लागला. मग मी दोन खुर्च्यांना ओढणी बांधली, बाहुली बसवली आणि नाडा ओढला. हसणं थांबलं. त्या आठवड्यात एका सिस्टरचा मला फोन आला. तिच्या गावात एक बाई शेतात कामाला जाताना झाडाला झोळी बांधायची, आणि लांबून ओढता यावी म्हणून झोळीच्या काठाला दोरी. ती दोरी तिने त्याच दिवशी सोडायला लावली होती.

आणखी एक मंगळवार सांगते आणि थांबते. पुढच्या महिन्यातला. शबानाकडे सहज गेले होते. फांद्या तोडून झाल्या होत्या, लाईट होती. मशीन आडवी, ती अयानच्या समोर. तो गोधडीवर बसून वाटी आपटत होता, ती ब्लाउज शिवत होती, मी आणि खाला बोलत होतो. बोलता बोलता मशीन थांबली. अर्ध्या शिवणीत.

"काय व, धागा तुटला?" मी विचारलं.

"नाई," शबाना म्हणाली. "चूप झाला."

आम्ही तिघींनी पाहिलं. अयानने वाटी टाकून दिली होती आणि तो एका मुंगीकडे एकटक बघत होता. मुंगी गोधडीच्या काठावरून चालली होती. त्याने तिच्यावर बोट ठेवलं आणि आपला आपणच हसला. शबानाने श्वास सोडला आणि मोटरच्या पायडलवर पाय ठेवला. मशीन सुरू झाली.

आता रिटायर होऊन दोन वर्षं झाली, पण सवय गेली नाही. कोणाच्या घरी गेलं आणि लेकरू रडत असलं तर मी चपला सावकाश काढते. त्याच्याकडे कोणीतरी धावतंच आहे. घरात लेकरू आहे आणि आवाज नाही, असं दिसलं की मी चपलांसकट आत जाते.